एका पेंडीएवढी शांतता

गोंदियाजवळच्या कुडव्यात मी राहते त्या गल्लीच्या तोंडाशीच डोंगरवार सरांचं घर. सकाळी शाळेत शिकवायला निघाले की माझी स्कूटी त्यांच्या फाटकासमोरून जाते, आणि सर व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले असले तर पेपर खाली न घेता नुसता एक हात वर करतात... करायचे. हे ‘करायचे’ लिहायची हाताला अजून सवय झालेली नाही. आषाढातल्या त्या सकाळी व्हरांड्यात पेपर नव्हता, खुर्चीही नव्हती. फाटकाच्या आत चपला होत्या, पुष्कळ, घाईनं काढलेल्या, एकमेकींवर चढलेल्या. मी स्कूटी थांबवली आणि आत जायच्या आधी मला सरांचंच अकरावीतलं वाक्य आठवलं. “चपला दिसल्या, हे निरीक्षण. घरात काहीतरी घडलं, हे अनुमान. दोघांच्या मधली जागा जरा मोकळी ठेवत जा.” मी ती जागा मोकळी ठेवून पाहिली. जितका वेळ ठेवता आली तितका वेळ ठेवली. मग दारातून काकू दिसल्या, सरांच्या पत्नी, भिंतीला टेकून बसलेल्या, आणि त्यांनी माझ्याकडं पाहून हळूच मान हलवली.

सर पहाटे झोपेतच गेले. “जेवताना म्हणाले भाजीत मीठ कमी आहे, आणि झोपले,” असं काकू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, तेच शब्द, त्याच क्रमानं. एक बाई त्यांना गप्प करायला लागली, “नका बोलू इतकं, त्रास होईल.” मी म्हटलं, बोलू द्या. हे मी सरांकडूनच शिकले. ज्याच्यावर आघात झाला तो माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, कारण सांगता सांगता ती त्याला खरी वाटायला लागते. त्याला थांबवायचं नसतं, फक्त ऐकायचं असतं. आता धान निसवायला आलं आहे आणि गोंदियात लोक दुसऱ्या विषयांवर बोलू लागलेत, म्हणून वाटलं, आपणही एकदा सांगून घ्यावं.

आमचं गाव सालेकशाकडचं, जंगलाला लागून. आमच्या खानदानात बारावीच्या पुढं शिकलेली मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, आणि सांगताना लाजत नाही. माझे बाबा तिसरीपर्यंत शिकले, माय शाळेत गेलीच नाही. दहावी झाल्यावर पॅसेंजरनं गोंदियाला आले आणि ज्युनिअर कॉलेजच्या खिडकीपाशी उभी राहिले. मला भूगोल पाहिजे होता. खिडकीतला बाबू म्हणाला, “भूगोल फुल है. सायकॉलॉजी में जगह है, लिख दूँ?” मागं रांग ढकलत होती. मी म्हटलं, लिख दो. असा मी मानसशास्त्र विषय निवडला. घरी सांगितलं तर बाबांनी विचारलं, “त्यात काय शिकवतेत?” मी म्हटलं, माणसाचं मन. बाबा बिडी ओढत म्हणाले, “म्हंजे पागलाईचा इषय. शिकून नोकरी भेटते का, का पागल व्हा लागते?” गावात ही गोष्ट दोन दिवसांत फिरली. बाया विहिरीवर मला अडवायच्या, “सांग बरं प्रमिला, माह्या मनात काय हाय?” मी म्हणायची, तुमच्या मनात हेच हाय का मले जमते का नाई ते पाहावं. त्या म्हणायच्या, “बरोबर हाय बापा, शिकून रायली पोरगी.”

डोंगरवार सर इटियाडोह धरणाकडचे, कोहळी घरातले. आमच्या पूर्वजांनी तलाव बांधले आणि मी फळ्यावर लिहून पुसतो, असं स्वतःबद्दल म्हणायचे. उंच, किंचित वाकलेले, उन्हाळा असो की हिवाळा, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट. टिपणं देत नसत, त्यामुळं पहिल्या महिन्यात पोरं त्यांच्यावर नाराज होती. पण एरवी तास कोणी बुडवत नसे, कारण त्या तासात आपलीच गोष्ट निघायची. मोहफुलं वेचायच्या दिवसांत मात्र वर्ग रिकामा व्हायचा, आम्ही सगळे जंगलात. परतल्यावर इतर सर रागवायचे. डोंगरवार सर म्हणायचे, “पहाटे चार वाजता न उठवता उठलात, माझ्या तासाला अकरालाही वेळेवर येत नाही. काऊन? बोला.” आणि त्यातून प्रेरणेचं प्रकरण सुरू व्हायचं. एकदा मी उशिरा आले आणि म्हटलं, सर, गाडी लेट होती. सर म्हणाले, “गाडी लेट होती हे कारण. तू उशिरा उठलीस, धावत स्टेशनावर आलीस, तर गाडीही लेट होती म्हणून वाचलीस, आणि आता सगळं गाडीवर टाकतेस. याला म्हणतात समर्थन. बस खाली.” वर्ग हसला. खरं म्हणजे तसंच झालं होतं.

शिकण्याचं प्रकरण आलं तेव्हा सर म्हणाले, “घंटी वाजली की लाळ गाळणारा कुत्रा पुस्तकात आहे. तो बोर्डासाठी पाठ करा. मला तुमच्या घरचं उदाहरण पाहिजे.” कोणी म्हणालं, बादली वाजली की आमची गाय हंबरते. कोणी म्हणालं, दवाखान्याचा वास आला की पोट दुखते. मी उभी राहिले आणि म्हटलं, सर, माझी माय बांधीत उतरू शकत नाही. हसू थांबलं. सर म्हणाले, “तास झाल्यावर सांग.”

सांगण्यासारखं होतं ते असं. त्याच्या आदल्या वर्षी रोवणीत माझी मालता काकू गेली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडं धानाच्या खाचराला बांधी म्हणतात आणि मधल्या मातीच्या बांधाला धुरा. चिखल केलेल्या बांधीत बाया ओळीनं वाकून, मागं मागं सरकत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावतात, ती रोवणी. पऱ्ह्याच्या जुड्या म्हणजे पेंड्या, त्या माणसं वरून फेकत राहतात. आणि बाया गातात. एक ओळ उचलते, बाकीच्या झेलतात. गाणं हा करमणुकीचा प्रकार नाही, ते कामाचंच अवजार आहे. हात गाण्यावर चालतो. ओळ उचलणारी आमच्या गावात मालता काकू होती. त्या दिवशी ओळीच्या मधेच ती थांबली. धुऱ्याच्या कडेला तिला साप चावला होता. दवाखान्यात नेईपर्यंत ती राहिली नाही. माझी माय तिच्या शेजारीच रोवत होती.

दुसऱ्या वर्षी माय रोवणीला गेली आणि थोड्या वेळानं बांधीतून निघून धुऱ्यावर जाऊन बसली. श्वास वर लागलेला, ओठ कोरडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जिची ओळ सगळ्यांत सरळ म्हणून शेजारच्या गावातून बोलावणं यायचं, ती बाई घरात बसली. आमच्याकडं रोवणी येत नाही अशा बाईला कोणी घरात बसवत नाही, ती स्वतःच बसते. माय विहिरीवर सगळ्यांच्या आधी जाऊन यायला लागली, कोणी भेटू नये म्हणून. गावच्या बैगानं मंत्र म्हणून दंडाला धागा बांधला. काही म्हणाल्या, मालताच धरून रायली हाय तिले. काही म्हणाल्या, आंग चोरते. आणि मी सोळा वर्षांची, रोज गाडीनं मनाचं शास्त्र शिकायला जात होते आणि संध्याकाळी येऊन मायचं तोंड पाहत होते.

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी एकच गोष्ट सांगितली. “मी डॉक्टर नाही, मास्तर आहे. मी येईन, पाहीन. पण माझ्या आवाक्याबाहेर आहे असं दिसलं त्या दिवशी आपण तिला मोठ्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडं नेऊ, आणि तुझ्या बाबांनी तेव्हा नाही म्हणायचं नाही. हे त्यांना आधी विचार.” मी विचारलं. बाबा म्हणाले, “माही बायको पागल नाई हाय.” पुढच्या रविवारी सर पॅसेंजरनं आलेच. बाबांनी त्यांनाही तेच ऐकवलं. सर म्हणाले, “दादा, भेव लागणं म्हणजे पागल होणं नव्हे. मी वर्षभर पोरांना हेच शिकवतो, पण परीक्षा झाली की विसरतात.” बाबांना हे आवडलं. खाट टाकली गेली.

आणि मग सरांनी चूक केली. ही चूक ते पुढं दरवर्षी वर्गात स्वतः सांगत, म्हणून मी इथं सांगते. साप चावून बाई गेली, म्हणजे भीती सापाची, असं त्यांनी धरून चाललं होतं. पुस्तकात रीत होती, भीतीच्या वस्तूच्या जवळ पायरीपायरीनं जायचं. त्यांनी अंगणात आधी दोर ठेवला. मग एक चित्र दाखवलं. मग पिशवीतून गोंदियाच्या बाजारातला प्लास्टिकचा साप काढला, हिरवा, लवणारा, आणि मायपासून लांब जमिनीवर ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, “बाई, घाबरू नका. नुसतं पाहा.” मायनं पाहिलं. उठली, तो साप शेपटीनं उचलला, इकडून तिकडून फिरवून पाहिला आणि म्हणाली, “हा तं बजारातला हाय जी. असली निंगते ना आमच्या न्हानीत, मी काडीनं हाकलून देते. परवाच हाकलला.” कुडाच्या पलीकडून पाहणाऱ्या बाया फिदीफिदी हसायला लागल्या. बाबा दुसरीकडं पाहू लागले. सरांनी तो साप तिच्या हातून घेतला आणि मग तेही हसले, अगदी पोटातून. “मी बाईंना पाहिलंच नाही,” ते मला म्हणाले. “साप चावला एवढं ऐकलं आणि बाकीचं मीच भरून घेतलं.” मग आमच्याकडं लाखोळीची डाळ आणि भात जेवले, दोनदा डाळ मागून घेतली. तो साप पुढं कॉलेजच्या कपाटात राहिला. नवा वर्ग आला की तो टेबलावर ठेवत आणि म्हणत, “हे माझ्या घाईचं प्रमाणपत्र.”

पुढच्या रोवणीला सर पुन्हा आले. या वेळी पिशवीत काही नव्हतं, फक्त छत्री. धुऱ्यावर दगड पाहून बसले. मायला म्हणाले, “तुम्हाला जमेल तेवढं करा, निघावंसं वाटलं तर निघा. मी काही सांगणार नाही.” आणि खरंच काही बोलले नाहीत. बायांना पहिल्यांदा अवघड वाटलं, मग त्या त्यांना विसरल्या. रेवताबाई ओळ उचलत होती, मालता काकूनंतर ते काम तिच्याकडं आलं होतं. रेवताबाईच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा, तो थुंकायला ती थांबली की गाणं तुटायचं. मायनं बराच वेळ छान रोवलं. मग एकदम धुऱ्यावर आली. पुन्हा उतरली. पुन्हा आली. मी मायच्या तोंडाकडं पाहत होते. सर कुठं पाहत होते मला कळत नव्हतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बाजूला घेतलं. “एक गोष्ट सांगतो, अनुमान आहे, चुकलं तर चुकलं. तुझी आई साप दिसला म्हणून निघत नाही. बेडूक उडाला तेव्हा नाही निघाली, पायाला मुळी लागली तेव्हा नाही. रेवताबाई थांबली की निघते. मी झाडाकडं पाहत होतो, गाणं थांबलं म्हणून वर पाहिलं, तर आई धुऱ्यावर. एकदाच झालं असतं तर मी सोडून दिलं असतं.”

मायला त्यांनी सांगितलं नाही, विचारलं. गाणं थांबलं की काय होतं, बाई? माय पायाचा चिखल बोटानं काढायला लागली. मग बोलली, आणि हे ती घरात कोणापाशीही बोलली नव्हती. “मालता ओळ घेऊन रायली होती जी. अर्ध्यात थांबली. मले वाटलं दम लागला आसन. मी खाली मान घालूनच वाट पाहत रायली, का आता म्हनते, मंग म्हनते... मान वर करूनच पाह्यलं नाई मी.” सर रडू नका म्हणाले नाहीत, तुमची चूक नाही असंही लगेच म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, “रोवणारी बाई मान वर करून पाहत नाही. तुम्ही काम करत होता.” त्या दिवशी मला अभिसंधान म्हणजे काय ते कळलं, बोर्डाच्या पेपरात चार मार्क मिळाले तेव्हा नव्हे. कुत्र्याला घंटी, तशी मायला शांतता. साप गेला, काकू गेली, पण गाणं तुटलं की मायचं अंग त्याच क्षणात जाऊन उभं राहत होतं.

ही गोष्ट बायांना कळली आणि मग त्यांनी जे केलं ते आमच्याच गावच्या बाया करू शकतात. त्यांनी ठरवलं, देवकाच्या, म्हणजे माझ्या मायच्या, बांधीत गाणं तुटू द्यायचं नाही. रेवताबाई थांबली की दुसरीनं उचलायचं, दुसरी थांबली की तिसरीनं. पाणी प्यायला जायचं तर पाळीपाळीनं. रेवताबाईनं रोवणीपुरता खर्रा सोडला, जो तिनं नवऱ्याच्या सांगण्यावरून कधी सोडला नव्हता. आणि माय रोवू लागली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, मागं मागं सरकत, ओळ पहिल्यासारखी सरळ. गावात झालं, सरनं बरं केलं. बाबांनी सरांना कोंबडा पाठवायचं ठरवलं, मी कसंबसं थांबवलं.

सर हे पाहायला आले आणि त्यांचा चेहरा काही फुलला नाही. बायांना म्हणाले, “तुम्ही केलं ते फार मोठं आहे. पण यानं भीती जात नाही, तिचं पोट भरतं. शांतता आलीच नाही तर ती निरुपद्रवी आहे हे बाईंना कळणार कधी?” रेवताबाई कमरेवर चिखलाचे हात ठेवून उभी राहिली. “सर जी, पुस्तकातलं पुस्तकात ठेवा. बाई बांधीत आली का नाई? मंग झालं ना. तुमाले अजून काय पायजे?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर म्हणाले, “मला काही नको. बाई ठरवतील.” माय म्हणाली, “गानं राहू द्या.” सर बरं म्हणाले आणि छत्री उघडून स्टेशनाकडं निघाले. मला वाटलं, अपमान झाला. मागोमाग जाऊन स्टेशनापर्यंत त्यांच्यासोबत चालताना मी तसं म्हटलंही. सर म्हणाले, “रेवताबाई बरोबर बोलली. बरं व्हायचं की नाही, आणि किती, हे ज्याला दुखतं त्यानं ठरवायचं. आपण फक्त दार लोटलेलं ठेवायचं, कडी लावायची नाही.”

मग बरीच वर्षं तसंच चाललं. मी बीए झाले, मानसशास्त्र घेऊनच, आणि या वेळी मीच निवडलं. बीएड झालं, गोंदियाला शाळेत लागले, कुडव्यात खोली घेतली ती सरांच्या गल्लीत. सर रिटायर झाले. गावात मात्र गाणाऱ्या बाया कमी होत गेल्या. कोणी म्हातारी झाली, कोणी पोराकडं शहरात गेली, नव्या सुनांना ती गाणी येत नाहीत. मी मायला मोबाइल घेऊन दिला. त्यात गाणी भरली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती तो कमरेला बांधायची, आणि बांधीत एकटीच्या कमरेत गाणं वाजत राहायचं. मला तेव्हा हे फार चांगलं वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या रोवणीत भर बांधीत त्याची बॅटरी संपली. माय होती तिथंच खाली बसली, चिखलात, कमरेएवढ्या. तिला उचलून आणावं लागलं. त्या आठवड्यात माझं तिच्याशी फोनवर बोलणं झालं तेव्हा ती म्हणाली, “मोबाइल बंद पडला का मी बी बंद पडते. असं कसं चालन वो? तुह्या सरले इचार, मी तयार हाव.”

मी संध्याकाळी सरांच्या व्हरांड्यात गेले. तब्येत तेव्हाच बरी नव्हती, जिना चढू नका म्हणून सांगितलं होतं डॉक्टरांनी. सर म्हणाले, “बांधीला जिना नसतो.” आणि आले. या वेळी त्यांनी मायलाच विचारलं, “बाई, किती शांतता चालेल? घड्याळाचं माप नको. तुमचं माप सांगा.” माय म्हणाली, आमचं माप पेंडी. मग तेच माप धरलं. पहिल्यांदा एका रोपाएवढी. माय हात वर करेल तेव्हा बायांनी थांबायचं, माय एक रोप चिखलात खोचेल, आणि पुन्हा हात वर केला की सुरू. रेवताबाई, आता केस पांढरे झालेली, म्हणाली, “एवढ्यात तं माह्यानं थुकनंबी होत नाई.” पण थांबली. हात मायचा, थांबवणं मायच्या हातात, सुरू करणंही तिच्याच हातात, हे सरांनी तीनतीनदा बजावलं. मग मूठभर रोपांएवढी. मग अर्ध्या पेंडीएवढी. मायच्या कपाळावर घाम यायचा, मान ताठ व्हायची. सर धुऱ्यावरून “घाबरू नका” म्हणत नसत. म्हणायचे, “भेव येईल. येऊ द्या. फार वेळ उभं राहवत नाही त्याला, थकतं.” माय एकदा चिडली, “तुमी वर बसून सांगता जी. उतरा ना खाली.” सर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले आणि वाकून रोवायला लागले. त्यांनी लावलेली ओळ बायांनी त्यांच्यादेखतच उपटून पुन्हा लावली. त्या दिवशी सगळ्यांत जास्त सरच हसले असतील.

माय एका पेंडीपर्यंत आली आणि तिथं थांबली. एक पेंडी सरेपर्यंत शांतता चालायची, दुसरी उचलताना बोटं थबकायची आणि हात आपोआप वर जायचा. त्या रोवणीत नाही झालं, पुढच्या रोवणीतही नाही. मला वाईट वाटायचं. शिकलेल्या माणसाला शंभर टक्के लागतात. सर म्हणाले, “पस्तीसला पास असतं, प्रमिला. तुझी आई त्याच्या खूप पुढं आहे. एका पेंडीत बॅटरी बदलता येते, पाणी पिता येतं. आणखी पाहिजे हे तिनं म्हणायचं, आपण नाही.” पण उन्हाळ्यात शेवटची भेट झाली तेव्हा चहा पिता पिता त्यांनीच विचारलं होतं, “यंदा जाऊ या का बांधीवर?” मी म्हटलं, तुमची तब्येत सर... तर म्हणाले, “मी कुठं रोवणार आहे? रोवलं तर उपटतात.”

सरांना पोचवून मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गावी गेले. फोनवर सांगायचं मन झालं नाही. घराला कुलूप नव्हतं, पण घरी कोणी नव्हतं. रोवणी जोरात होती. मी चपला हातात घेऊन धुऱ्याधुऱ्यानं आमच्या बांधीवर गेले. सातआठ बाया होत्या, रेवताबाई ओळ उचलत होती, आवाज आता चिरका झालेला. माय ओळीच्या टोकाला. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सांगितलं. काल पहाटे, झोपेत, त्रास नाही झाला. माय ऐकत असताना तिचा हात चालू होता. हातातली मूठ संपवली. मग कमरेत हात देऊन सरळ उभी राहिली आणि वळून म्हणाली, “रेवता, थांब वो. सर गेले.”

गाणं थांबलं. बाया जिथल्या तिथं उभ्या राहिल्या, कोणी पदर डोक्यावर घेतला. आमच्याकडं शाळेत दोन मिनिटं उभं राहतात तसं कोणी ठरवलं नव्हतं, ते आपसूक झालं. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत पाणी पडत होतं तेवढा आवाज. खूप लांबून गाडी गेली. मी मायकडं पाहत होते. तिच्या मानेची शीर ताठ झालेली मला दिसली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, काहीही, फक्त आवाज व्हावा म्हणून. मायनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी तोंड मिटलं.

ती वाकली. पेंडी उचलून तिचा बंध सोडला आणि रोवायला लागली. बाया उभ्याच. तिची बोटं चिखलात जात होती, वर येत होती, एक एक रोप उभं राहत होतं. पेंडी सरली. तिचा हात दुसऱ्या पेंडीवर गेला, थबकला... आणि तिचाही बंध सुटला. मग कोणी सांगितलं नाही, पण एक एक बाई वाकली आणि सगळ्या रोवायला लागल्या, न गाता. आमच्या बांधीत असं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं. दुसरी पेंडी सरली, तिसरी सुरू झाली. रेवताबाईलाच ते सहन होईना. ती सरकत सरकत मायच्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, “देवका, उचलू का वो आता गानं?”

माय मान वर न करता रोवत राहिली. मग म्हणाली, “राहू दे जराशीक. बरं वाटून रायलं.”